पिठाची डेडलाईन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादरीची घडी. गुरुवार होता. ऊन उतरलं होतं, दिवसभर वाऱ्यानं धूळ आणली होती. गच्चीवरची चादर काढून झटकताना हिनं आपल्या बाजूनं असा हिसका दिला की माझ्या हातातलं टोक सुटलं.

"धरता येत न्हाय व्हय?" ही म्हणाली.

"तू वढतीस का माराय उठलीस?"

"तुमी गुरंवाले. तुमाला हातात कासरा लागतो. चादर काय कळणार!"

घडी झाली. ती माझ्या खांद्यावर टाकून ही म्हणाली, "उद्या मटण आणा. नळीची हाडकं सांगून घ्या, त्याला आवडत्यात." त्याला म्हणजे तिच्या धाकट्या भावाला. मग ती पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, दम लागला. ॲम्ब्युलन्स आली. आम्ही हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर बाहेर येऊन माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलला. इंग्लिश मला कळत नाही, पण ते कळलं.

आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. उभ्या जन्मात मी तिला 'अगं' म्हणालो आणि चार लोकांत 'ही'. आता मेली म्हणून नाव घ्यायला लागलो तर तिलाच आवडणार नाही. तर ही.

ही धनगराची. मीही धनगरच, पण माझ्या आज्यानं मेंढरं विकून विहीर पाडली, बैल घेतले, तेव्हापासून आम्ही शेतकरी. हिच्या माहेरी मात्र मेंढरंच. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, पावसाच्या तोंडावर परत माणदेशात. ही तशीच फिरत वाढली. म्हणायची, लग्न झालं तेव्हा पहिल्यांदा छपराखाली झोपले. खोटं असेल. पण बहारीनमध्येही तिला गच्चीवरच झोप लागायची, थंडीत घोंगडं घेऊन.

माणसांची नावं तिच्या डोक्यात राहायची नाहीत. मेंढरं ओळखतात तशी ती माणसं ओळखायची. खालच्या मजल्यावरचा केरळी तिच्या लेखी 'पुढचा दात पडल्याला', त्याची बायको 'कानात पांढरं'. मी म्हणायचो, अगं त्यांच्या तोंडावर तरी बोलू नको. ती म्हणायची, त्यांना कुठं मराठी येतं? मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेली की बायका दारातून आत येताना ओठ हलवत मोजायची. एक बाई कमी भरली तर शेवटपर्यंत दाराकडं बघत बसायची, कुणी बोलावलं तरी तिचं लक्ष नसायचं.

बहारीनला मी आधी आलो, सित्र्याला रिफायनरीच्या कामावर, स्कॅफोल्डिंग बांधायला. ही नंतर आली. एका म्हाताऱ्या अमेरिकन मॅडमनं घरकामासाठी तिचा व्हिसा काढला. मॅडम शाळेत शिकवायची. तरुणपणी ती भारतात राहिलेली, म्हणून तिला मोडकं हिंदी येत होतं. हिचं हिंदी त्याहून मोडकं. दोघींचं छान जमलं.

मॅडमच्या हॉलमध्ये तिच्या आज्याचा फोटो होता. मोठी टोपी, मिशा, हातात बंदूक. हिनं विचारलं, हे पोलिसात होते का? मॅडम म्हणाली, नाही, गाईगुरांचा मोठा कळप होता यांचा आणि मेंढीवाल्यांशी वैर होतं.

बस. 'मेंढीवाले' ऐकलं आणि हिनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

त्या दिवसापासून मॅडम रोज थोडं थोडं सांगायची आणि ही ते संध्याकाळी घरी आणायची. मी कंपनीच्या बसमधून उतरून, अंघोळ करून जेवायला बसलो की सुरू. तिकडं अमेरिकेत पश्चिमेला नुसता माळ. मालक कोणी नाही, ज्याची जनावरं पोचतील त्याचं गवत. आधी गुरंवाले आले. मागून मेंढीवाले आले. गुरंवाले म्हणाले, मेंढरं गवत मुळापासून खातात, मागं काही राहत नाही. मग त्यांनी झाडांवर कुऱ्हाडीनं खुणा करून माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ठरवली. रेघेच्या अलीकडं मेंढरू दिसलं की गोळी. मेंढक्या दिसला तरी गोळी. त्या रेघेला म्हणायचे डेडलाईन.

हा शब्द मी सित्र्यात रोज ऐकायचो. मी म्हणालो, "अगं, डेडलाईन म्हंजे तारीख. शटडाऊनचं काम कधी संपवायचं ती तारीख."

"तारखंला गोळी घालत्यात व्हय?"

"सुपरवायझर म्हणतो ना रोज."

"तुमचा सुपरवायझर अडाणी. डेड म्हंजे मेला, लाईन म्हंजे रेघ. वलांडली की मेला. तारीख कुठनं आली यात?"

पुढं कामावर सुपरवायझर डेडलाईन म्हणून ओरडला की मला हसू यायचं. तो आणखी ओरडायचा.

एक हकिकत ती कितीदा सांगायची त्याला हिशेब नाही. एका पहाटे गुरंवाले तोंडावर पोती घालून मेंढक्यांच्या तळावर आले. डोळ्यांपुरती भोकं पाडलेली. मेंढक्यांना झाडाला बांधलं, त्यांची गाडी पेटवून दिली, मेंढरं कड्यावरून लोटली. एवढं सांगून ही थांबायची. हातातली भाकरी थापायची राहायची. मग म्हणायची, "आन् मेंढक्याचं कुत्रं काय करतंय? त्या पोतीवाल्यांतल्या एकाकडं शेपूट हलवत गेलं. त्याच्या पायाशी बसलं. म्हंजे वळखीचा. तळावर येऊन जेवल्याला. मेंढक्यानं झाडाला बांधल्याला असताना ते बघितलं."

"कोण होता तो?"

"मॅडमला ठावं न्हाय. आज्यानं सांगितलं न्हाय कदी. पर मी सांगते, घरातलाच असणार."

तिथून पुढं वैर पेटलं ते पेटलंच. मेंढीवाल्यांनी नदीच्या उताराला दबा धरून दोघांना उडवलं. गुरंवाल्यांनी त्यांच्या पोरांना. कोर्टात साक्ष द्यायला कुणी उभं राहीना. ही सगळं अशा तावानं सांगायची की जणू पलीकडच्या वाडीत कालच झालंय.

मी मुद्दाम गुरंवाल्यांची बाजू घ्यायचो. "आदी आल्याला त्यो मालक," म्हणायचो. एवढं म्हणालो की दुसरी भाकरी मिळायची नाही. हात पुढं केला तर म्हणायची, "गुरंवाल्याला कशाला भाकरी? वैरण खा."

तिला त्या लोकांचा राग यायचा तो गोळ्या घातल्या म्हणून नाही, त्यांना अक्कल नव्हती म्हणून. आमच्याकडं शेतकरी स्वतः येऊन सांगतो, माझ्या वावरात चार दिस मेंढरं बसवा. मेंढरं तिथं बसली की लेंडीखत पडतं, शेतकरी धान्य देतो, दोघांचं भागतं. हिनं मॅडमला हे समजावलं. म्हणाली, तुमच्या आज्यानं बंदूक कशाला घेतली, मेंढरं बसवायची की! मॅडमनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बसवायची कुठं? वावरच नव्हतं. कुणी नांगर धरला नव्हता. नुसता कोरडा माळ, खत घेऊन काय करायचं? ही घरी आली, रोजच्यासारख्या भाकऱ्या थापल्या. जेवण झाल्यावर म्हणाली, "मॅडमचं बराबर हाय. पर तिचा आजा चूक."

मॅडमवर तिचा जीव होता. तिच्या गुडघ्यांना तेल लावून द्यायची, तिच्यासाठी बिनतिखटाचं कालवण वेगळं करायची. पण धूळ पुसताना तो फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवायची. मॅडम शाळेतून आली की सुलटा करायची. दुसऱ्या दिवशी परत उलटा. मॅडम बहारीन सोडून कायमची गेली त्या दिवशी सामान भरताना फोटो सगळ्यात शेवटी राहिला. हिनं स्वतः तो फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला. मी विचारलं, कसा ठेवलास? म्हणाली, "पालथा."

आता तिच्या भावाचं.

हिच्या लग्नात बापानं हिला एक मेंढी आंदण दिली होती. ती माहेरच्या कळपातच राहिली. तिची पिल्लं, त्या पिल्लांची पिल्लं, सगळ्यांच्या डाव्या कानाला कातर. कातरलेल्या कानाची ती हिची. बहारीनमधून गावाला फोन लावला की आधी तिथं असलेल्या आमच्या पोरीची चौकशी नाही, आधी "माझी किती झाली?" मी चिडवायचो, तुझी इस्टेट चार पायांवर हिंडती. ती म्हणायची, तुमची एका जागी पडून वाळतीय.

एका साली पाऊस नाही, चराईची रानं बंद, आणि मेंढरांमागं फिरणाऱ्याला कुणी पोरगी देईना. मेव्हण्यानं सगळा कळप व्यापाऱ्याला घातला. हिला विचारलं नाही. मग ड्रायव्हरचा व्हिसा मिळवून तोही बहारीनला आला, बुसैतीनला एका घरी गाडी चालवायला. पहिल्याच शुक्रवारी आमच्या दारात उभा. हातात गावाकडची शेंगदाण्याची चटणी, तोंडभर हसू.

"आक्का!"

ही दारातच उभी. म्हणाली, "कातरलेल्या कानाची बी?"

त्याचं हसू गेलं. "सगळीच गेली, आक्का. येपारी एकेक घीना. तुजं पैसं आणल्यात मी."

"पैशाला कान असत्यात?"

ही आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन आली, खाली बसली आणि उंबऱ्याला लागून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पिठाची रेघ ओढली. सरळ, एका दमात.

"ही डेडलाईन," म्हणाली. "अलीकडं पाय टाकलास तर बघ."

त्याला काही कळेना. माझ्याकडं बघून म्हणाला, "दाजी, आक्काला काय झालं?"

मी म्हणालो, "अमेरिका झाली."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. ही आत चुलीशी गेली, त्याचं ताट वाढलं आणि माझ्या हातात दिलं. चटणी ठेवून घेतली.

पुढं हेच चालू राहिलं. दर शुक्रवारी तो यायचा आणि पायरीवर बसायचा. दार उघडं. ही आत बसलेली, तो बाहेर, मध्ये रेघ. बोलायची दोघं, पण माझ्याशी.

"त्याला इचारा, पगार झाला का."

"दाजी, सांगा झाला म्हून."

"त्याला म्हणावं, वाळलाय."

"दाजी, आक्काला सांगा, मालकीण निस्ता भात घालती."

मी एकदा ओरडलो, "मी काय टेलिफोन हाय का? चार हातांवर बसलाय तुमी!" मग आतून आवाज आला, "त्यांना म्हणावं, वरडू नका, शेजारी ऐकत्यात." आता हे मी कुणाला सांगायचं होतं?

ताट मात्र वाढायची ते सगळ्यात चांगलं. नळी त्याला. मला मानेचं हाडूक.

आणि एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. रेघ फक्त शुक्रवारी असायची. इतर दिवशी दारात काही नसायचं, कुणीही या-जा. शुक्रवारी सकाळी फरशी पुसून, अंघोळ करून, कपाळाला लावून मग ती रेघ ओढायची. ड्युटी लागली म्हणून तो आला नाही तरी ओढायची, आणि दिवस मावळेपर्यंत पुसू द्यायची नाही. मी बाहेर जाताना उडी मारून जायचो.

मला एवढंच हवं होतं की तिच्या हयातीत त्यानं एकदा आत येऊन ताटावर बसावं. दुसरं काही मागणं नव्हतं माझं. कंपनीतून सुटलो, याच बिल्डिंगची राखण करायचं काम मिळालं, गावाकडं पोरगी सुखात नांदतीय. ही एक शुक्रवारची बोच तेवढी राहिली होती. मी एकदा तिला विचारलं, "मॅडमच्या तिकडं ते मिटलं कसं?"

"मिटलं न्हाय. म्हातारी झाली माणसं. तारा ठोकल्या माळाला. एका बाजूचा शेवटचा माणूस घरदार इकून निघून गेला."

"म्हंजे संपलं की."

"संपल्यालं कसं? कोण कुणाच्या ताटावर बसलं?"

मी म्हणालो, "मग तू बसव की तुज्या भावाला."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी उठून खाली पाण्याचा पंप बघायला गेलो.

मेव्हण्यानंही एकदा मिटवून बघितलं. बकरी ईदेच्या आधी बाजारात मेंढरांचे ट्रक येतात. त्यानं त्यातली एक मेंढी घेतली, मालकाच्या गाडीत घातली आणि आमचे सगळे मजले चढवून वर आणली. मेंढी बें बें करतीय, याचा शर्ट लेंड्यांनी भरलाय, मागून पोरांची वरात. रेघेपाशी येऊन थांबला. त्यानं वाटेतच तिच्या डाव्या कानाची केसं कातरली होती. कानाला कातर मारायचा जीव झाला नसावा.

"दाजी, आक्काला सांगा, कातरलेल्या कानाची आणलीया."

ही बाहेर आली. मेंढीचं तोंड उघडून दात बघितले. पाठीवरून हात फिरवला. शेपटीकडची चरबी चाचपली. मी मनात म्हणालो, झालं, मिटलं.

"सोमाली हाय," ही म्हणाली. "काळ्या डोक्याची. ही आपली न्हवं."

"आक्का, हितं माणदेशी कुठनं आणू?"

रेघ ओढल्यापासून तो पहिल्यांदा सरळ तिच्याशी बोलला. ही पण चुकून सरळच बोलली, "मग कशाला आणलीस, येड्या?" आणि मेंढीचा कान धरून तिला आत घेतली. मेंढी रेघेवर पाय देऊन आत गेली. तो बाहेरच.

मी म्हणालो, "मेंढी आत, भाऊ भायेर? अमेरिकेत तर उलटं व्हतं."

"मेंढीनं काय केलंय?" म्हणाली.

गच्चीवर बांधली तिला. ही हरखली होती. चपात्या चारायची, तिच्याशी बोलायची, रात्री तिच्याशेजारी घोंगडं टाकायची. मग अरबाब आला, आमचा घरमालक, दिलदार म्हातारा, पण त्या दिवशी लाल झालेला. "इदर खरूफ मफी! ये बिल्डिंग है, मजरा नहीं है!" म्हणजे इथं मेंढरू चालणार नाही, ही बिल्डिंग आहे, मळा नाही. ही त्याच्याशी मराठीत भांडली. तुमच्या वाडवडलांनी काय विमानं राखली का, मेंढरंच राखली असतील, असं म्हणाली. मी हिंदीत सांगितलं, मेरा बीवी माफी मांगता. शेवटी अरबाबनं मेंढी आपल्या बागेवर नेली. ईदेला कापणार नाही असा शब्द हिनं त्याच्याकडून घेतला. त्यानं पाळला का, मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारू नयेत.

पुढच्या शुक्रवारी परत रेघ. पण मेव्हण्याच्या ताटात दोन नळ्या.

त्या गुरुवारी हॉस्पिटलातून मी त्यालाच फोन केला. तो आला, काचेतून बघितलं. मला बिल्डिंगपाशी सोडलं आणि मालकाची गाडी परत द्यायची म्हणून खालूनच गेला. कागदपत्रं व्हायची होती, मयत हॉस्पिटलातच ठेवली होती.

सकाळी मी उठलो. शुक्रवार. काय करावं सुचेना, म्हणून फरशी पुसली. तो नेहमीच्या वेळेला आला. जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज ओळखीचा. दार उघडंच होतं. तो वर येऊन उभा राहिला आणि खाली बघायला लागला.

"दाजी, रेघ न्हाय."

"न्हाय."

"मग?"

"मग ये की आत. कोण अडवतंय?"

त्यानं पाय उचलला. उंबऱ्यापर्यंत नेला. परत मागं घेतला.

"ती असताना आलो न्हाय," तो म्हणाला. "आता नसताना शिरलो तर चोरावाणी हुईल."

"मग बस पायरीवर."

"कशाच्या भायेर बसू?" त्यानं पायरीकडं बघितलं. "रेघ व्हती तवा मला भायेर तरी जागा व्हती, दाजी. आता कुटं बसू, तुमी सांगा."

मी आत गेलो. पिठाचा डबा फळीवर होता. कुठल्या बोटांत पीठ धरायचं, किती सोडायचं, काही माहीत नव्हतं. गुडघे दुखतात, खाली बसायला वेळ लागला. या भिंतीपासून सुरू केली. मध्ये जाड झाली, पुढं तुटली, परत जोडली. त्या भिंतीला पोचेपर्यंत नागमोडी झाली होती.

तो वरून बघत होता. म्हणाला, "वाकडी आली."

"गप बस."

तो पायरीवर बसला. मी भिंतीला धरून उठलो, रेघ ओलांडली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो. तो सरकला, मला जागा केली. आम्ही दोघं उघड्या दारातून आत बघत होतो.

मग खालची केरळीण आली, हातात झाकलेलं भांडं, मयताच्या घरात चूल पेटत नाही म्हणून. आम्हाला जिन्यात बसलेलं बघून घाबरली. "अंदर बैठो, अंकल. इदर क्यूं?"

मी म्हणालो, "इदरही खाना दे दो."

तिनं तिथंच वाढलं.